साऊथ कोर्ट : मलबार हिलवरील वारसाविना घर

१/ मुंबईच्या मलबार हिलवर, मुख्यमंत्र्यांच्या 'वर्षा' बंगल्यापासून हाकेच्या अंतरावर, सुमारे अडीच एकर आवारात एक पांढरा प्रासाद अनेक वर्षे बंद उभा आहे. लोक त्याला 'जिना हाऊस' म्हणतात. बांधणाऱ्याने ठेवलेले नाव मात्र 'साऊथ कोर्ट'. एका घराच्या मालकीचा प्रश्न फाळणीइतकाच अवघड कसा झाला, त्याची ही कहाणी.

२/ इंग्लंडमधील वास्तव्य संपवून बॅरिस्टर महंमद अली जिना मुंबईस परतले. माउंट प्लेझंट रोडवरील आपला जुना बंगला पाडून त्यांनी १९३६ च्या सुमारास तेथे नवे घर उभारले. वास्तुविशारद होते क्लॉड बॅटली. खर्च सुमारे २ लाख रुपये. इटालियन संगमरवर, अक्रोडाच्या लाकडाची तावदाने, समोर समुद्र. बांधकामावर मालकाची जातीने देखरेख असे.

३/ पत्नी रत्तनबाई १९२९ मध्येच निवर्तल्या होत्या. घरात उरले जिना, भगिनी फातिमा आणि कन्या दिना. १९३८ मध्ये दिनांनी वडिलांच्या इच्छेविरुद्ध नेव्हिल वाडियांशी विवाह केला. पुढच्याच वर्षी, मे १९३९ मध्ये, जिनांनी मृत्युपत्र केले आणि हे घर फातिमांच्या नावे लिहिले. तेव्हा तो केवळ कौटुंबिक निर्णय होता. त्याचे राजकीय परिणाम दहा वर्षांनी दिसणार होते.

४/ सप्टेंबर १९४४. गांधीजी त्याच रस्त्यावरील बिर्ला भवनात उतरले होते. ९ ते २७ सप्टेंबर या काळात ते वारंवार साऊथ कोर्टमध्ये जात राहिले. चर्चा झाली, पत्रव्यवहार झाला, निष्पत्ती शून्य. १५ ऑगस्ट १९४६ रोजी नेहरूही येथेच जिनांना भेटले. तीही भेट निष्फळ ठरली. दुसऱ्याच दिवशी कलकत्त्यात रक्तपात सुरू झाला.

५/ ऑगस्ट १९४७ मध्ये जिना कराचीस गेले. दिल्लीतील घर त्यांनी उद्योगपती रामकृष्ण दालमियांना विकले. आज ते नेदरलँड्सच्या राजदूतांचे निवासस्थान आहे. मुंबईचे घर मात्र त्यांनी विकले नाही. ज्याने देशाची वाटणी मागितली, त्याला आपल्या घरावरचा हक्क सोडवेना.

६/ निर्वासितांच्या लोंढ्याने मुंबईत जागेची चणचण भासू लागली. हे घर सरकारने ताब्यात घ्यावे, असा दबाव वाढला. नेहरूंनी पाकिस्तानातील पहिले भारतीय उच्चायुक्त श्रीप्रकाश यांच्यामार्फत जिनांची इच्छा विचारली. श्रीप्रकाशांच्या आठवणींनुसार जिना हेलावले. हे घर आपण किती जिव्हाळ्याने बांधले ते सांगून, मुंबईस परतण्याची आशा अजून आहे, असे ते म्हणाले.

७/ अखेर जिनांनी सुचवले : घर एखाद्या परदेशी वकिलातीस, शक्यतो युरोपीय, भाड्याने द्यावे. तसेच घडले. ११ सप्टेंबर १९४८ रोजी जिनांचे निधन झाले. साऊथ कोर्टमध्ये ब्रिटिश उपउच्चायुक्तांचे बिऱ्हाड आले आणि १९८० च्या दशकाच्या आरंभापर्यंत राहिले. ज्या सत्तेने जाता जाता देश दुभंगला, तिचाच प्रतिनिधी या घराचा भाडेकरू झाला.

८/ योगायोग असा की, तोच निरोप नेणारे श्रीप्रकाश १९५६ मध्ये मुंबईचे राज्यपाल झाले. राज्यपालांचे निवासस्थान याच टेकडीच्या टोकाला आहे.

९/ ब्रिटिश गेल्यावर प्रश्न उभा राहिला : मालक कोण? सरकारचा युक्तिवाद असा की, मृत्युपत्रान्वये घर फातिमांचे. त्या पाकिस्तानात गेल्या, म्हणून ही निर्वासित-मालमत्ता. पाकिस्तानला तेथे आपली वकिलात हवी होती. २००७ मध्ये दिना वाडियांनी मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली.  त्यांचे म्हणणे असे की, कन्या म्हणून वारस त्या आहेत.

१०/ या दाव्याचा आधार पाहण्याजोगा आहे. जिना खोजा. वारसाहक्कात खोजांना हिंदू रूढी लागू होते, हे मुंबईच्या न्यायालयाने १८४७ मध्येच मान्य केले होते. त्या खटल्यात याच रूढीमुळे मुलींचा वाटा नाकारला गेला होता. १६० वर्षांनी एक मुलगी त्याच रूढीच्या बळावर वडिलांचे घर मागत होती. हिंदू आणि मुसलमान ही दोन राष्ट्रे, असे सांगणाऱ्या नेत्याच्या घराची वाट हिंदू रूढीतून शोधली जात होती.

११/ २ नोव्हेंबर २०१७ रोजी दिना वाडियांचे न्यूयॉर्कमध्ये निधन झाले. घर त्यांना मिळाले नाही. २०१८ मध्ये ते परराष्ट्र मंत्रालयाकडे सोपवण्याचा निर्णय झाला. दिल्लीच्या हैदराबाद हाऊसप्रमाणे येथे परदेशी पाहुण्यांचे स्वागत व्हावे, अशी योजना आहे.

१२/ हे घर पाडावे, असे म्हणणारे आहेत आणि त्याचे स्मारक व्हावे, असे म्हणणारेही. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने आधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. फाळणीची रेघ नकाशावर काही आठवड्यांत ओढता आली. एका कुटुंबाच्या उंबऱ्यावर तीच रेघ सत्तर वर्षांतही नीट ओढता आली नाही. लाखो निनावी घरांचेही तेच झाले. फरक इतकाच, की त्यांच्यासाठी पंतप्रधानांचा निरोप घेऊन कोणी आले नाही.