अंगण वाकडेच होते

‘नाचता येईना, अंगण वाकडे’ ही म्हण आजवर मी कितीदा तरी इतरांच्या माथी मारली असेल! गेल्या महिन्यात मात्र तिने मजवर सूड उगवला.

चिरंजीवांना सुतारकामाची हौस उत्पन्न झाली. शिकाऊ माणसाला भारी हत्यारे हवीत कशाला, अशा हिशेबी बुद्धीने मी बारा हत्यारांची एक चकचकीत पेटी स्वस्तात आणली. तिसऱ्याच दिवशी पेचकसाचे टोक पिळले नि पटाशीची धार दुमडली. ती निसटून बोटालाही लागली. ‘बाबा, माझ्या हातांत कलाच नाही,’ असे म्हणून त्याने पेटी माळ्यावर टाकली. मीही ती म्हण ऐकवून मोकळा झालो!

पुढे शेजारी कामाला आलेल्या एका वृद्ध सुताराला मी ती पटाशी दाखविली. तो हसून म्हणाला, ‘साहेब, हिला पाणीच नाही!’

पोलाद लाल तापवून पाण्यात वा तेलात बुडविले की ते कठीण होते. परंतु ठिसूळही होते. म्हणून त्याला पुन्हा मंद आच देतात. सुमारे २३० अंशांवर त्यावर वाळल्या गवताचा पिवळा रंग उमटतो. धारेच्या हत्याराला तो मानवतो. आच वाढून ३०० अंशांच्या आसपास निळा रंग चढला, की ते पोलाद स्प्रिंगेला योग्य होते. आमच्या पटाशीच्या नशिबी हे संस्कार नव्हते.

रविवारी आम्ही बापलेक पुण्याच्या जुन्या बाजारात गेलो. सुताराने सांगितलेल्या खुणा पाहून तीनच वस्तू घेतल्या: सपाट पाठीची, धारेजवळ गंजाने न खाल्लेली पटाशी, दातांना आळीपाळीने डावी-उजवी कलणी असलेली करवत, आणि दांड्याचे रेषे उभे, पाचर घट्ट अशी हातोडी. पटाशी दगडावर पाजळली, आणि सागाची ढलपी अलगद सुटून आली. मुलाचा चेहरा उजळला.

कसबी कारागीर वाईट हत्याराशीही जमवून घेतो. कारण दोष कोणाचा हे त्याला ठाऊक असते. नवशिक्याला ते कळत नाही. तो सारा दोष आपल्या हातांना देतो. तेव्हा चांगल्या हत्याराची खरी गरज त्यालाच अधिक!

पैसे वाचविण्याच्या नादात मी मुलाचा आत्मविश्वासच खर्चिला होता. त्या संध्याकाळी मी त्याला प्रांजळपणे सांगितले, ‘बाळ, अंगण वाकडेच होते, आणि ते मीच आणले होते.’