अर्जातली पहिली ओळ

चि. सोनू,


संशोधनातल्या कामासाठीच्या तुझ्या अर्जाचा मसुदा वाचला. 'मी मेहनती, जिज्ञासू व निसर्गप्रेमी आहे' ही ओळ आधी खोड. सगळेच तसं लिहितात. त्यापेक्षा लिही की लहानपण भामरागडला गेल्यामुळे तुला माडिया बोलता येते, ऐन आणि धावडा सालीवरून ओळखता येतात, एक्सेल येतं, आणि तेंदूच्या हंगामात सकाळी गावात कोणी घरी सापडत नाही हे ठाऊक आहे. बाहेरून सर्वेक्षणाला आलेल्यांचा अर्धा मे महिना एवढं कळण्यातच जातो.

खरं संशोधन पुण्या-बंगलोरकडे होतं, आपल्याकडून फक्त नमुने जातात, असं तू म्हणतेस. मला ते पटत नाही. गडचिरोलीच्या 'सर्च' संस्थेत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्यापुढे प्रश्न होता: न्यूमोनिया ओळखायला बाळाचे श्वास मोजायला हवेत, पण गावातल्या कित्येक सुईणींना दहा-बाराच्या पुढे मोजता येत नाही. त्यातून मण्यांचं श्वासमापक निघालं. वाळूचं घड्याळ मिनिटभर चालायचं, दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला की न्यूमोनिया. पुढे 39 गावांत आरोग्यदूत बायका नवजात बाळांना घरी जाऊन तपासू लागल्या, नोंदी ठेवू लागल्या. 1999 साली 'लॅन्सेट'मध्ये निबंध आला, तेव्हा नवजात बालमृत्यूचा दर 62 टक्क्यांनी उतरला होता. तो आकडा मुळात त्या बायकांच्या वह्यांतून वर आला.

ताडोब्याचं तुझं वेड मला माहीत आहे. पण वन विभागाच्या परवानगीशिवाय तिथे अभ्यास करता येत नाही आणि बी.एस्सी.च्या पोरीनं एकटीनं ती मिळवायच्या भानगडीत पडू नये. परवानगी असलेला प्रकल्प शोध, त्यात शीर. तिथेही वाघ क्वचितच दिसेल. वाघाचे डाव्या-उजव्या कुशीचे पट्टे वेगळे असतात, म्हणून कॅमेरे समोरासमोर जोडीनं लावतात. मग त्यातले फोटो बसून निवडायचे. बहुतेक फोटोंत चितळ, गायी आणि वाऱ्यानं हललेलं गवत. हे काम जिला कंटाळवाणं वाटत नाही, तिलाच पुढचं काम मिळतं.

शोध कॉलेजातूनच सुरू कर. कोणत्या सरांकडे पीएच.डी.चे विद्यार्थी आहेत ते विचार, त्यांचा एक तरी निबंध वाच, मगच मेल टाक. विज्ञान अकादमींची उन्हाळी फेलोशिप दोन महिन्यांची असते. तिच्या अर्जाची तारीख उन्हाळ्याच्या कितीतरी आधी उलटून जाते, म्हणून दिवाळीपासूनच लक्ष ठेव.

काम मिळालं की एक धोका आहे. माडिया येते म्हटल्यावर तुला नुसती दुभाषी करून टाकतील. प्रश्नावली आधी मागून घे. 'मासिक उत्पन्न किती?' असा प्रश्न त्यात असणारच. ज्या घरात पैसा मार्च-एप्रिलात मोहाचा, मेमध्ये तेंदूचा आणि दिवाळीनंतर धानाचा येतो, तिथे बारानं भागून काय कळणार? हे तूच सांगू शकतेस, तेव्हा सांग. उत्तर मिळालं नाही तर रकाना रिकामा ठेव, अंदाजानं भरू नकोस. वही त्याच संध्याकाळी पूर्ण कर.

धानोऱ्याकडच्या मेंढा-लेखाला एकदा जाऊन ये. तिथल्या अभ्यासगटांत बाहेरचे जाणकारही बसत, पण निर्णय ग्रामसभेचा. 2009 साली गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, त्यामागे गावानं स्वतः केलेला कायद्याचा अभ्यासही होता. म्हणून मुलाखतीत तूही विचार: ग्रामसभेची संमती घेतली आहे का, निष्कर्ष गावात येऊन सांगणार का? या प्रश्नानं जे सर चिडतील त्यांच्याकडे जाऊ नकोस.

आणि हो, भत्ता किती, प्रवासखर्च कोणाचा, निबंधात नाव येणार की नाही, हे पहिल्याच दिवशी विचार. लाजू नकोस, बाप्पा. दुरुस्त मसुदा रविवारपर्यंत पाठव.

तुझी मावशी