डावा कोपरा

मंडळाचा खजिनदार होण्यासाठी माणसाकडे पैसा असावा लागत नाही. बँकेत नोकरी असली की पुरतं. दिवसभर लोकांच्या नोटा मोजणाऱ्या माणसाचे हात स्वच्छ असतात, अशी आमच्या एकोडीत समजूत आहे. नोटा मोजून हात किती मळतात, ते मोजणाऱ्यालाच ठाऊक. पण बोलायची सोय नाही.

धान कापून झालं, बांध्या मोकळ्या झाल्या, की आमच्या साकोली तालुक्यात माणसाला दोनच गोष्टी सुचतात. वय झालं असेल तर नाटक आणि वय व्हायचं असेल तर कबड्डी. २०२४ च्या डिसेंबरातली गोष्ट. शेजारच्या गावी रात्रीचे सामने ठरले होते. पहिलं बक्षीस अकरा हजार. त्याच आठवड्यात बातमी आली, की पलीकडच्या तालुक्यातला एक नामांकित पकडवाला ‘मोकळा’ झाला आहे. म्हणजे जुन्या संघाशी त्याचं बिनसलं होतं आणि नवा संघ मिळालेला नव्हता. मोकळा खेळाडू आणि मोकळा प्लॉट, दोन्हींच्या बाबतीत ‘हा मोकळा का राहिला?’ असं आधी विचारायचं असतं. पण भाव ऐकला की माणूस ते विसरतो.

भाव असा : रोख ५,००० रुपये, जाण्यायेण्याचं पेट्रोल आणि सामन्याच्या दिवशी सहा उकडलेली अंडी. मंडळाची शिल्लक ७,३४० रुपये. अंड्यांची तरतूद कोणत्याच खात्यात नाही.

रात्री पारावर सभा भरली.

गुरुजी पहिल्यापासून ‘आणाच’ या पक्षाचे. ते म्हणाले, “२०२३ च्या लिलावात पुणेरी पलटणनं त्या इराणच्या शादलूसाठी दोन कोटी पस्तीस लाख मोजले. लोक हसले. २०२४ च्या मार्चमध्ये प्रो कबड्डीचा करंडक कोणाकडे गेला? पलटणकडे! हरियाणाला हरवून!”

“आन् त्याच लिलावात गुजरातनं फजलवर एक कोटी साठ लाख टाकले, त्याचं काय झालं जी?” विरोधी पक्षाचे काकाजी बिडी विझवत म्हणाले. “करंडक भेटला का? तोबी इराणचाच, तोबी पकडवालाच!”

दोन कोटी आणि पाच हजार यांच्यात थोडं अंतर आहे, हे कोणाच्याच लक्षात आलं नाही. सभेत आकडे मोठे असले की पुरतं.

मग सर्वांत वडील असलेले आजोबा उठले. “अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं १९३६ साली बर्लिनले जाऊन जगाले आपला खेळ दाखवला. तवा कोणी अंडे मागतले होते का?”

यावर उत्तर नव्हतं. अंड्यांचा मुद्दा तिथेच पडला.

पण खरा मुद्दा मांडला आमच्या चढाईच्या पोरानं. “टाळ्या मले भेटतात, कबूल. पण मी बाद होऊन बाहेर बसलो का मले जिवंत कोन करते? इकडं कोनी पकड केली तरच ना मी आत येतो! डाव्या कोपऱ्यातून गडी निसटत राह्यला, तर मी काय बाहेर बसून शेंगा खाऊ?”

सगळे गप्प झाले. कारण त्यानं खेळाचं मर्मच सांगितलं होतं. कोपऱ्यातल्या गड्याचं काम मोठं उपकारशून्य. चढाईवाला बोनस रेषेवर पाय टाकायला आला, की नेमक्या क्षणी त्याच्या घोट्यावर झडप घालायची. धरला तर गुण संघाचा, निसटला तर बाद आपण, आणि वर “काहून घाई केली बे?” हेही ऐकायचं आपणच.

आणि सगळे गप्प होण्याचं दुसरं कारण म्हणजे आमचा डावा कोपरा त्या वेळी सभेत चहा वाटत होता.

गावातला पंक्चरवाला. वय छत्तीस. अकरा वर्षं तो त्या कोपऱ्यात उभा आहे. दोन वर्षांपासून त्याचा गुडघा टायर काढण्याच्या पान्यासारखा कुरकुरतो. त्याला काढायचं की नाही यावर तासभर चर्चा चालली होती आणि तिच्यात त्याचं नाव कोणी एकदाही घेतलं नव्हतं. एवढी सभ्यता आमच्या सभेत मी पूर्वी कधी पाहिली नव्हती.

“खजिनदारांचं मत काय?” अध्यक्ष म्हणाले.

नेमका त्याच वेळी त्यानं माझ्यापुढे कप ठेवला. बिनसाखरेचा, वेगळा केलेला. मला साखर चालत नाही, हे घरचेही अधूनमधून विसरतात.

मी घसा साफ केला. “शिल्लक सात हजार, खर्च पाच हजार. तारण काय? घोटा सुटला तर पैसे परत देणार आहे का तो? हा व्यवहार मंडळाच्या आर्थिक स्थितीत बसत नाही.”

बँकेत या वाक्यावर भलेभले अर्जदार उठून जातात. सभाही उठली.

पुढचं थोडक्यात सांगतो. यजमान गावानं त्या मोकळ्या गड्याला घेतलं, अंड्यांसकट. उपांत्य सामन्यात गाठ पडली ती त्यांच्याशीच. त्यानं आमच्या चढाईच्या पोराचा घोटा चार वेळा धरला. आमच्या कोपऱ्यातून तीन वेळा निसटला. आम्ही सात गुणांनी हरलो. मंडळाचे पाच हजार मात्र वाचले.

परतताना तो माझ्या स्कूटरवर मागे बसला होता. थंडी मरणाची. अर्ध्या वाटेत म्हणाला, “भाऊ, एक विचारू का जी? त्या दिवशी तुम्ही नाही म्हटलं, ते पैशाच्या पायी का माह्या पायी?”

आमच्याकडे ‘पायी’ म्हणजे ‘मुळे’. पण त्याचा सुजलेला गुडघा माझ्या कमरेला लागत होता, त्यामुळे मला दोन्ही अर्थ ऐकू आले.

“पैशाच्या पायी,” मी म्हणालो. ‘साहेब रजेवर आहेत’ असं आम्ही काउंटरवर ज्या आवाजात सांगतो, त्याच आवाजात.

“मंग बरं हाय,” तो म्हणाला. “माह्या पायी म्हटलं असतं, तर पोट्ट्यायचं नुकसान केलं असतं तुमी.”

पुढे गाव येईपर्यंत दोघंही बोललो नाही. त्याला कळलं होतं आणि त्याला कळलंय हे मलाही कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो घरी आला. हात ग्रीसचे. पाचशेची नोट पुढे केली. “पुढच्या साली त्याले आणा. हा ॲडव्हान्स. मले मधात उभं करा. गुडघा वाकत नाही, पन धक्का द्यायले छाती हाय अजून.”

मी पावतीपुस्तक काढलं. ‘कशाबद्दल’ या रकान्यावर पेन टेकवून बराच वेळ बसलो. देणगी म्हणावं तर त्याला आवडलं नसतं. अनामत म्हणावं तर परत द्यावी लागली असती. बी.कॉम.ला असताना जमाखर्चाचे सगळे नियम शिकलो होतो. पण माणूस स्वतःची जागा स्वतःच्या पैशानं रिकामी करतो, ती रक्कम कोणत्या बाजूला लिहायची, हे काही कोणी शिकवलं नव्हतं.

शेवटी ‘किरकोळ जमा’ असं लिहून सही केली. आजवरच्या नोकरीत इतकी चुकीची नोंद मी दुसरी केलेली नाही.