झूटरमेरच्या तळ्याकाठी दोन उजेड



हॉलंडला जाणारी आपली माणसे अ‍ॅमस्टरडॅमचे कालवे बघतात, ट्युलिपची शेते बघतात आणि परत येतात. झूटरमेरला मुद्दाम कोणी जात नाही. माझी भाची तिथे राहते म्हणून मी गेले, आणि माझ्याबरोबर अश्दोदहून माझी अठ्ठ्याऐंशी वर्षांची आत्याही आली. हेगच्या मोठ्या स्टेशनातून तीन किंवा चार नंबरची ट्राम पकडायची, साधारण अर्ध्या तासात गाव.

नावाचा अर्थ ऐकून आत्या खूश झाली. डच भाषेत झूट म्हणजे गोड आणि मेर म्हणजे तळे. आपण विहिरीच्या पाण्याला गोडे पाणी म्हणतो ना, तेच! पण ज्या तळ्यावरून हे नाव पडले ते आता नाही. १६१४ च्या सुमारास लोकांनी भोवती बांध घातला, पवनचक्क्या लावून पाणी उपसले आणि तळ्याच्या बुडाशी शेती केली. आजही तिथे गाई चरतात, समुद्राच्या पातळीपेक्षा काही मीटर खाली. अलिबाग-पेणच्या खारेपाटात ज्यांचे बालपण गेले त्यांना हे सांगायला नको. बांध फुटला की काय होते ते आपल्या आजी-आजोबांनी पाहिलेले आहे.

साठ वर्षांपूर्वी हे दहा हजार वस्तीचे खेडे होते. १९६२ मध्ये सरकारने ठरवले की हेगची वाढती वस्ती इथे न्यायची. आज सव्वा लाखाच्या वर माणसे आहेत. जुन्या गावचा रस्ता मात्र तसाच ठेवलाय, आणि दे होप म्हणजे आशा नावाची धान्य दळायची १८९७ सालची पवनचक्कीसुद्धा. नव्या घरांसाठी वाळू उपसली, त्या खड्ड्याचे मोठे तळे झाले. म्हणजे एक तळे बुजले, दुसरे आले.

या दुसऱ्या तळ्याकाठी आमचा फोटो काढायचा ठरला. जावई डच, फोटोग्राफीचा भारी नाद. चार पिढ्या होत्या : आत्या, मी, भाची आणि तिची सहा वर्षांची मुलगी. आत्याने एकच अट घातली, “जावईबापू, माझं तोंड दिसलं पाहिजे.” भाचीने डचमध्ये सांगितले. तो हसला. मग आत्याने पर्समधून एक जुना फोटो काढून त्याच्या हातात दिला आणि त्याचे हसू थांबले.

फोटो आमच्या आजीचा, म्हणजे आत्याच्या आईचा. गावच्या घरासमोर कोणा फिरत्या फोटोवाल्याने काढलेला, ऊन पाठीमागून. नऊवारीचे काठ स्पष्ट, मागची माडाची झावळी स्पष्ट, पण चेहऱ्याच्या जागी काळा डाग. आजीचा दुसरा फोटो नाही. आत्या सात वर्षांची असताना ती गेली. आत्या म्हणते, “काठ आठवतात, आई नाही आठवत.”

जावयाने मग नीट समजावले. आपला डोळा आभाळ आणि चेहरा दोन्ही एका वेळी बघतो. कॅमेऱ्याला तेवढे जमत नाही. आभाळ बरोबर घेतले की चेहरा काळा पडतो. चेहरा बरोबर घेतला की आभाळ धुतलेल्या चादरीसारखे पांढरे. यावर उपाय म्हणजे आभाळाचा उजेड आभाळासाठी ठेवायचा आणि चेहऱ्यासाठी आपला उजेड बरोबर न्यायचा, म्हणजे फ्लॅश. भर दिवसासुद्धा!

फ्लॅश म्हटले की जुन्या मंडळींना लग्नातला फोटोवाला आठवेल. एका फोटोला एक बल्ब, तो फुटल्यासारखा पेटायचा आणि गरम बल्ब काढून टाकायचा. हॉलंडची फिलिप्स कंपनीसुद्धा ते बल्ब बनवीत असे. तो फ्लॅश कॅमेऱ्यालाच लावलेला, समोरून थाडकन तोंडावर. त्याने चेहरा परातीसारखा सपाट येतो आणि चष्मा चमकतो. जावयाने फ्लॅश वेगळ्या स्टँडवर लावला, आत्याच्या डाव्या हाताला, जरा उंच, आणि त्यापुढे पांढरी छत्री उघडली. छत्रीतून गाळून आलेला उजेड मऊ पडतो.

डेल्फ्ट गाव झूटरमेरपासून जवळच. तिथल्या फेरमेर नावाच्या चित्रकाराने (१६३२ ते १६७५) कितीतरी चित्रांत डावीकडच्या खिडकीचा असाच उजेड बायकांच्या चेहऱ्यावर पाडलाय. मोत्याचा डूल घातलेली त्याची मुलगी हेगच्या माउरित्सहाउसमध्ये आहे. आत्याला दाखवली तर म्हणाली, “हिचं तोंड दिसतंय बघ.”

जूनमध्ये तिथे सूर्य रात्री दहाला मावळतो. आम्ही साडेआठला उभ्या राहिलो. जावयाने आधी फ्लॅश न लावता नुसत्या आभाळाचा फोटो काढला, मुद्दाम थोडा काळोखा, म्हणजे ढगांचा रंग राहतो. मग फ्लॅश जुळवला. गंमत अशी की फ्लॅश सेकंदाच्या हजाराव्या भागात येऊन जातो, त्यामुळे शटर थोडे जास्त वेळ उघडे ठेवले तर आभाळ उजळते, चेहरा आहे तसाच राहतो. दोन उजेड, दोन वेगळे कान पिळायचे! शिवाय फ्लॅशचा उजेड दुपारसारखा पांढरा आणि संध्याकाळचा पिवळा, म्हणून फ्लॅशवर नारिंगी प्लास्टिकचा तुकडा चिकटवला. नाहीतर माणसे दुपारची आणि तळे संध्याकाळचे.

खरी अडचण पुढेच होती. आत्या सावळी, नात बापासारखी गोरी. एकच उजेड दोघींना लावला तर एक तरी बिघडणार. रंगीत फिल्मच्या काळात कोडॅक कंपनी रंग जुळवण्यासाठी छापखान्यांना एक नमुन्याचे कार्ड देई, त्यावर कितीतरी वर्षे गोरीच बाई असे. आपल्या आल्बममधले चेहरे काळवंडलेले का, याचे एक कारण हेही. जावयाने छत्री आत्याजवळ ठेवली आणि नातीला पलीकडे उभे केले. फ्लॅशपासून अंतर दुप्पट झाले की उजेड चौथ्या हिश्शावर येतो. सावळीला भरपूर, गोरीला बेताचा.

हॉलंडचा वारा मात्र छत्रीला शिडासारखा ओढत होता. शेजारचे आजोबा स्टँड धरून उभे राहिले. ते सुरिनामचे हिंदुस्थानी. त्यांच्या लोकांचे पहिले जहाज, लालारूख, १८७३ मध्ये कलकत्त्याहून तिकडे गेले होते. त्यांची बोली आणि आत्याची मुंबईची हिंदी, दोघे तासभर बोलत होते. काय कळले देव जाणे, पण हसत होते.

मुलांनो, फ्लॅश नसला तरी हे करून बघा. आजीला खिडकीजवळ बाजूने बसवा, खिडकीकडे पाठ करून नको. काळोख्या बाजूला कोणाला तरी पांढरी चादर धरायला सांगा. चादरीने काय फरक पडतो तो तुम्हालाच दिसेल. आणि तिला बोलते ठेवा.

कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर आत्याने स्वतःला पाहिले. सुरकुत्या, कपाळ, कानातल्या कुड्या, मागे पिवळे तळे. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “आईचं नाक असंच होतं, माझी थोरली बहीण सांगायची.” जावयाला तेवढे मराठी कळत नव्हते, पण त्याने काही विचारले नाही. तिने पदर सारखा केला आणि म्हणाली, “आणखी एक काढा, या खेपेला हसते.”