पौर्णिमेचा शनिवार, अष्टमीचा शनिवार

शुक्रवारी संध्याकाळी फोन सुरू होतात, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: उद्या वारा किती? मुंबई बंदरात शिडाच्या बोटी चालवणारे आम्ही बहुतेक नोकरदार. समुद्र आमच्या वाट्याला येतो तो शनिवार-रविवारी. हवा बघून दिवस ठरवावा, अशी सोय आम्हाला नाही. दिवस ठरलेलाच असतो, त्या दिवशी कुठवर जाता येईल एवढंच बघायचं. वारा मीही बघते, पण त्याआधी भिंतीवरच्या कालनिर्णयात तिथी बघते.

ही सवय लावली ससून डॉकच्या एका तांडेलकाकांनी. मासेमारी सोडून आता ते आमच्या बोटींची देखभाल करतात. त्यांचा हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमा-अमावास्येला ती दुपारी बाराच्या आसपास. छापील तक्त्याशी ताडलं तर अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, म्हणून तक्ताही मी सोबत ठेवते. पण महिन्याभराचं गणित एका नजरेत कळतं ते तिथीनेच.

फेब्रुवारीत माझा भाचा पुण्याहून आला होता. पोहायला पक्का, शिडाच्या बोटीवर नवा. शुक्रवारी रात्री त्याने मोबाइलवरचा अंदाज माझ्यापुढे धरला. आकाश निरभ्र, सकाळी ईशान्येचा सहा नॉट वारा, दुपारनंतर वायव्येचा चौदा. "मावशी, याहून चांगली हवा कुठली? मांडव्याला जाऊन येऊ."

अंदाज खरोखरच उत्तम होता. हिवाळ्यात आपल्याकडे पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, दुपारी जमीन तापली की समुद्रावरून खारा वारा येतो. पण तो शनिवार पौर्णिमेचा होता. मी म्हटलं, "मांडवा उद्या नाही." तो हिरमुसला, तेव्हा कागद घेऊन बसले.

गेटवेपासून मांडवा सरळ रेषेत साधारण १४ किलोमीटर, म्हणजे साडेसात सागरी मैल, दक्षिणेला आणि किंचित पूर्वेला. जाताना मागून किंवा बाजूने वारा मिळतो, काही अडत नाही. खरा प्रश्न परतीचा. दुपारचा वायव्येचा वारा थेट समोरून येतो, आणि शिडाची बोट वाऱ्याच्या तोंडावर चालत नाही; तिला नागमोडी टॅक घेत पुढे सरकावं लागतं. आमची बोट पाण्यात साडेचार नॉटने पळाली तरी गेटवेच्या दिशेने तीनच नॉट पदरात पडतात. त्यात पौर्णिमेला बारा वाजता भरती पूर्ण झाली की सहापर्यंत ओहोटी. उधाणाचं पाणी बंदरातून बाहेर पडताना ऐन जोरात दोन नॉटची ओढ सहज असते. तिनातून दोन गेले, उरला एक. साडेसात मैलांना किती तास लागतील, हे भाच्यानेच मोठ्याने सांगितलं. फेब्रुवारीत साडेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो.

मग आम्ही घारापुरीकडे गेलो. सकाळी सातला निघालो तेव्हा पाणी आत चढत होतं. वारा हलका आणि समोरून, पण भरती बोटीला हाताला धरून नेत होती. बंदरात नांगरलेली मोठी जहाजं बघायला मी भाच्याला सांगितलं. भरती चालू असली की त्यांची तोंडं समुद्राकडे असतात, ओहोटीला ती फिरून बंदराच्या आतल्या बाजूला होतात. रस्त्यातल्या बोयाकडेही बघायचं. तो ज्या बाजूला कलतो आणि त्याच्यामागे पाण्याची शेपटी ज्या दिशेने ओढली जाते, तिकडे पाणी चाललं आहे. ही दोन चिन्हं कुठल्याही अ‍ॅपवर मिळत नाहीत.

जवाहर द्वीपाला तेलाची जहाजं लागतात, त्यापासून लांब राहून आम्ही पुढे गेलो. अकराच्या सुमारास वारा पडला. पुढचं शीड, जिब, लोंबू लागलं, शिडावर लावलेले लोकरीचे दोरे सरळ खाली आले, उकाडा अंगावर आला. ही मधली वेळ नवख्याला फार लांब वाटते. भाचा इंजिन सुरू करायचं का विचारत होता, मी त्याला पश्चिमेकडे बघत राहायला सांगितलं. बऱ्याच वेळाने कुलाब्याच्या बाजूने पाण्यावर एक काळसर पट्टा दिसला. पट्ट्याची कड आमच्याकडे सरकत आली, आधी दोरे थरथरले, मग ते मागे ताणून आडवे झाले आणि बोट कलली. खारा वारा आला होता. परतताना तो उजव्या बाजूने, आणि ओहोटी आमच्या बाजूची. जो प्रवाह मांडव्याहून येताना आडवा आला असता, त्यानेच आम्हाला घरी आणलं.

पुढच्या शनिवारी तो हट्टाने पुन्हा आला. पंधरवडा जवळपास दोन आठवड्यांचा असल्यामुळे एक शनिवार उधाणाचा असला की पुढचा भांगाच्या, म्हणजे कमी चढउताराच्या भरतीच्या, जवळ येतो. आता अष्टमी होती. सकाळी सहाला भरती संपलेली, दुपारपर्यंत ओहोटी, मग परतीच्या वेळी पुन्हा भरती. भांगाचं पाणी संथ, पण आपल्या बाजूचं. मांडव्याची सफर झाली. येताना वारा अंदाजापेक्षा चढला, झोत वीस नॉटच्या घरात गेले. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. चौदाचे वीस झाले की शिडावरचा भार दुप्पट होतो. म्हणून पांढऱ्या लाटा दाट दिसू लागताच मोठं शीड, मेनसेल, थोडं उतरवून खालचा भाग बांधून टाकला, रीफ घातला. ते काम वारा चढायच्या आधीच करायचं असतं. कुलाब्याच्या इमारतींच्या आडोशाला आल्यावर वारा तुटक झाला, कधी काहीच नाही, कधी एकदम धक्का. शेवटच्या त्या टप्प्यात मी सुकाणू कोणाला देत नाही.

अंदाज वाचूच नये, असं मी म्हणत नाही. हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा आणि हैदराबादच्या इन्कॉईस संस्थेचा लाटांचा अंदाज मी दर शुक्रवारी बघते. लाटांची उंची बघायचीच, पण दोन लाटांमध्ये किती सेकंद आहेत तेही बघायचं. हे अंतर जास्त असलेल्या, लांबच्या वादळातून निघालेल्या लाटा निरभ्र दिवशीही किनाऱ्याला येऊन आदळतात, आणि उथळ पाण्यात त्याच धोक्याच्या ठरतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये मुंबईचं तापमान अचानक चढतं, तेव्हा पूर्वेचे वारे जोरात असतात आणि खारा वारा उशिरा येतो. अशा दिवशी लांबचा बेत मी करत नाही. जूनमध्ये तर बोटी वरच काढलेल्या असतात.

ओळखीच्या कोणी शिडाच्या बोटीतून फिरवायचं कबूल केलं आणि शुक्रवारी रात्री "उद्या नको, पुढच्या शनिवारी" असं म्हटलं, तर कृपा करून आग्रह करू नका. आकाश कितीही निळं असलं तरी. त्याला तिथी विचारा आणि परतीच्या वेळी पाणी कुठे चाललं असेल ते विचारा. याचं उत्तर ज्याच्याकडे नसेल, त्याच्या बोटीत बसू नका.