वेण्णाकाठचा एक दिवस

येरवड्यातील माझ्या दवाखान्यात गेली वीस वर्षे येणारे एक निवृत्त भूगोल-शिक्षक आता माझे स्नेही झाले आहेत. वयाने ते माझ्याहून सोळा-सतरा वर्षांनी मोठे. मी त्यांना ‘सर’ म्हणतो, ते मला ‘डॉक्टर’. दक्षिण अमेरिका शिकवताना ते वर्गात हमखास एक गंमत सांगत : आपल्या पुण्याचा एक नामबंधू पेरू देशात आहे, त्याचे नाव पुनो. अँडीज पर्वतात, टिटिकाका सरोवराच्या काठी, सुमारे ३,८०० मीटर उंचीवर हे शहर वसले आहे. तेथील उरू लोक तोतोरा नावाच्या लव्हाळ्यांचे थर रचून तरंगती बेटे तयार करतात आणि त्यांवर संसार थाटतात. निवृत्तीनंतर पत्नीसह पुनो पाहायचे, असा सरांचा संकल्प होता.

चार वर्षांपूर्वी वहिनींना स्मृतिभ्रंशाने गाठले आणि संकल्प बाजूला पडला. स्नान, जेवण, औषधे, रात्रीची जाग हे सारे सर एकट्याने सांभाळू लागले. एकुलती मुलगी नाशिकला. मी दर महिन्याला त्यांच्या घरी जाऊन वहिनींना तपासत असे. सर वही घेऊन शेजारी उभे राहत आणि झोपेच्या तासांपासून शौचापर्यंत सर्व नोंदी वाचून दाखवत.

गेल्या दिवाळीनंतर एकदा वहिनी रक्तदाबाचा पट्टा बांधू देईनात. त्यांची भीती जावी म्हणून मी तो आधी सरांच्या दंडाला बांधला. आकडा आला १६८/९८. थोडा वेळ थांबून पुन्हा मोजला. फारसा फरक नव्हता. मग वजन पाहिले, तर जुन्या नोंदीपेक्षा सहा किलोंनी कमी. चार वर्षे मी त्या घरात जात होतो आणि एकाच माणसाला तपासत होतो. दुसरा माणूस माझ्या समोर उभा राहून झिजत होता आणि मी त्याच्याकडून केवळ नोंदी ऐकत होतो. मला मनापासून शरम वाटली.

रक्त-लघवीच्या तपासण्या झाल्या, हृदयाचा आलेख काढला, गोळी सुरू केली. महिन्याभरात रक्तदाब आटोक्यात आला. तेव्हा मी म्हणालो, “सर, आता औषधाचा दुसरा भाग. एक दिवस घराबाहेर.” ते हसले. “मग पुनोला नेता का?”

पुनोला मी त्यांना नेले नसते. तेथेही हवेत प्राणवायूचे प्रमाण इथल्याइतकेच असते, पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाहूनही थोडा कमी असतो. त्यामुळे प्रत्येक श्वासागणिक शरीराला प्राणवायू कमी मिळतो. अशा ठिकाणी एकदम पोहोचल्यास डोकेदुखी, मळमळ, निद्रानाश संभवतो. सुमारे ३,५०० मीटर उंचीवरील लेहला जाणाऱ्या ज्येष्ठांनाही म्हणूनच आधी वैद्यकीय तपासणी आणि पोहोचल्यावर पहिले दोन दिवस विश्रांती सांगतो. महाबळेश्वर मात्र साधारण १,३५० मीटरवर. रक्तदाब आटोक्यात असलेल्या माणसाला ही उंची सहसा बाधत नाही. खरा त्रास घाटातील वळणांचा.

सरांना उंचीची चिंता नव्हतीच. “ती घाबरेल, मला शोधेल,” एवढेच ते पुन्हा पुन्हा म्हणत. म्हणून लेक तीन दिवस आधी आली आणि आईच्या दिनक्रमात मिसळून गेली. सरांनी एका कागदावर सारे लिहून ठेवले : कोणती गोळी कधी, चहात साखर किती, संध्याकाळी अस्वस्थता वाढली तर कोणती गाणी लावायची.

डिसेंबरातील एका गुरुवारी सकाळी आम्ही निघालो. न्याहारी हलकी, सर पुढच्या आसनावर. दर दीड तासाने गाडी थांबवून पाय मोकळे केले. लघवीला जावे लागेल या भीतीने पाणी टाळायचे नाही, हे मी आधीच बजावले होते. वाई मागे पडली, पसरणीचा घाट चढून पाचगणी आली. तोवर सरांनी घरी चार वेळा दूरध्वनी केला होता.

वेण्णा तलाव साताऱ्याच्या अप्पासाहेब महाराजांनी १८४२ मध्ये बांधवून घेतला. नावेत चढताना गुडघ्यांना जपावे लागले. नावाड्याने हात दिला. काठ दूर गेला तसे सर बोलू लागले. “डॉक्टर, बटाटा मूळचा टिटिकाकाच्याच परिसरातला. तिथले लोक रात्रीच्या कडाक्यात बटाटे गोठवतात, पायांनी तुडवून पाणी काढतात आणि उन्हात वाळवतात. वर्षानुवर्षे टिकतात. आपला वाळवणाचा कीस तो हाच!” पाऊण तास ते शिकवत होते आणि मी विद्यार्थी होतो. त्या पाऊण तासात त्यांनी खिशातील भ्रमणध्वनीला हात लावला नाही. काठावर उतरून आम्ही बटाट्याची भजी खाल्ली. त्यांनी चार, मी मोजून.

रात्री आठला घरी पोहोचलो. वहिनी शांतपणे जेवत होत्या. लेक म्हणाली, “बाबा, आईने दिवसभरात तुमची एकदाही आठवण काढली नाही. काही त्रास झाला नाही.” तिला धीर द्यायचा होता. सर मान हलवून आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते दवाखान्यात आले. म्हणाले, “माझ्यावाचून तिचे चालते, हे कळले. बरे वाटले आणि वाईटही.” यावर माझ्याजवळ औषध नव्हते. मी त्यांचा रक्तदाब मोजला, १३४/८२ होता. मग दोघांनी मिळून दिनदर्शिकेत दर महिन्याचा दुसरा गुरुवार अधोरेखित केला. लेक नेहमी येऊ शकणार नाही. पण चार तासांसाठी प्रशिक्षित सेविका ठरवली आहे. तेवढ्या वेळात आगाखान पॅलेसच्या बागेत निवांत फिरून येता येते. दुसरा दिवस उगवताना शुश्रूषा पुन्हा त्यांचीच असते, पण ती करणारा माणूस थोडा विसावलेला असतो.

वाचकहो, आपल्या घरी कुणी अंथरुणाला खिळले असेल, तर डॉक्टर येतील तेव्हा उशाशी उभ्या असलेल्या माणसाचाही दंड पुढे करा. डॉक्टर विसरले, तर त्यांना आठवण करून द्या. मीही विसरलो होतो.