मोठे डॉक्टर कधी येणार?

डॉक्टर म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? पांढरे केस, नाकावर घसरलेला चष्मा, भिंतीवर पिवळं पडलेलं सर्टिफिकेट. बरोबर ना? आता त्या खुर्चीत जीन्स-कुर्त्यातली २७ वर्षांची मुलगी बसवून बघा. ती मुलगी म्हणजे मी!

साडेचार वर्षं एमबीबीएस, एक वर्ष इंटर्नशिप, मग बॉण्डचं एक वर्ष गावाकडच्या आरोग्य केंद्रात. एवढं सगळं करून डोंबिवलीत एका ज्येष्ठ डॉक्टरांच्या दवाखान्यात संध्याकाळी बसायला लागले आणि पहिल्या आठवड्यात एकच प्रश्न ऐकला, "मोठे डॉक्टर कधी येणार?" कुणी 'सिस्टर' म्हणायचं, कुणी 'बेटा'. एका आजींनी तर मी लिहून दिलेला कागद कंपाउंडरकाकांना दाखवला, "बरोबर आहे ना हो हे?" काका तिथे २५ वर्षं आहेत. मला २५ दिवसही झाले नव्हते. आजींचं लॉजिक चुकलं कुठे, सांगा!

आपल्याकडे 'हाताला गुण' नावाची एक डिग्री असते. ती नाशिकचं आरोग्य विद्यापीठ देत नाही, पेशंट देतात. आणि ती पटकन मिळवायचे शॉर्टकट सगळ्यांना माहीत असतात. अशक्तपणा? लावा सलाइन. ताप? ठोका इंजेक्शन. आता नॉर्मल सलाइनच्या ५०० मिलिलिटरच्या बाटलीत असतं काय, तर साडेचार ग्रॅम मीठ आणि बाकी पाणी. कॅलरी शून्य! ज्याला तोंडाने खाता-पिता येतंय, त्याला त्यातून कसली ताकद येणार? मी हे समजावून सांगायचे. पेशंट मान डोलवायचे आणि समोरच्या गल्लीत जाऊन सलाइन लावून घ्यायचे. माझे पैसे पेशंटच्या संख्येवर ठरलेले. म्हणजे प्रत्येक 'नाही' माझ्याच खिशातून जायचं.

तुमच्या-आमच्यातले तरी कुठे कमी आहेत? "डॉक, उद्या प्रेझेंटेशन आहे, एखादं स्ट्राँग अँटिबायोटिक द्या ना. गेल्या वेळी त्यानेच बरं वाटलं होतं." अहो, साधी व्हायरल सर्दी आपली आपणच जाते. अँटिबायोटिक बॅक्टेरियावर चालतं, व्हायरसवर नाही. ते फक्त फुकटचं क्रेडिट घेतं, ऑफिसात काहीजण घेतात ना, तसंच!

मग करायचं काय? आमच्या ज्येष्ठ डॉक्टरांनी चहा पिता पिता एक वाक्य सांगितलं, "बरं करशील तेव्हा करशील. आधी पुढे काय होणार ते सांगत जा."

त्या दिवसापासून मी औषधांबरोबर पुढचे दिवसही लिहून द्यायला लागले. 'ताप अजून दोन दिवस चढ-उतार करेल. घसा आधी थांबेल, खोकला मात्र दोन आठवडेही रेंगाळू शकतो. दम लागला किंवा तीन दिवसांत ताप हटला नाही, तर परत या.' गंमत म्हणजे तोच खोकला, तेच दिवस. पण आधी सांगितलेलं असलं की पेशंट घाबरत नाही. उलट म्हणतो, "मॅडम बोलल्या तस्संच झालं."

पावसाळ्यात एक काकू आपल्या १९ वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. डेंग्यूची टेस्ट पॉझिटिव्ह. काकूंचा हट्ट एकच, सलाइन लावा. मुलगा नीट पाणी पीत होता, तपासणीतही घाबरण्यासारखं काही नव्हतं. मी पॅरासिटामॉल दिलं, दुसरी पेनकिलर घ्यायची नाही असं बजावलं, रोज रक्त तपासायला सांगितलं. आणि कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'ताप उतरला की जास्त सावध!'

"म्हणजे? ताप गेला की माणूस बरा होतो ना?" काकू वैतागल्या. मी सांगितलं, डेंग्यूत कधीकधी उलटं असतं. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, ताप उतरताना रक्तवाहिन्यांतलं पाणी बाहेर झिरपू शकतं. पोटात जोरात दुखलं, सारख्या उलट्या झाल्या, हिरड्यांतून रक्त आलं किंवा तो फारच गळून गेला, तर मध्यरात्र असली तरी थेट हॉस्पिटल. काकू घडी करून कागद घेऊन गेल्या. चेहऱ्यावरून तरी काही पटलेलं दिसत नव्हतं.

पाचव्या दिवशी सकाळी ताप गेला. घरात सगळे खूश. संध्याकाळी पोटात कळा आणि उलट्या सुरू. शेजारच्यांचं मत, ॲसिडिटी असेल. काकूंनी फ्रिजवर लावलेला कागद काढला आणि रिक्षा बोलावली. हॉस्पिटलमध्ये त्याला ताबडतोब काय लावलं माहितीये? सलाइन! तीच, जिला मी नाही म्हटलं होतं. तेव्हा गरज नव्हती, आता होती. चार दिवसांनी पोरगा घरी आला.

पुढच्या आठवड्यात काकू दवाखान्यात हजर. थँक्यू वगैरे काही नाही. पिशवीतून सासूबाईंच्या बीपीची फाइल काढली, मग नवऱ्याच्या शुगरची, मग स्वतःची. तिन्ही टेबलावर ठेवून म्हणाल्या, "आता सगळ्यांचं तुम्हीच बघा."

तेव्हा पुढच्या वेळी आजारी पडलात, तर डॉक्टरला इंजेक्शन मागू नका. दोन प्रश्न विचारा, "पुढे काय होईल?" आणि "कधी परत यायचं?" ज्याच्याकडे याची नीट उत्तरं आहेत, त्याचे केस काळे आहेत की पांढरे, हे नाही बघितलं तरी चालेल.